टाकीत पेट्रोल असूनही जुनी गाडी बंद पडते? कॉक बदलण्याआधी हे बघा

तक्रार साधारण एकाच चालीत येते. टाकी हलवली की आत डुबुक डुबुक वाजतंय, म्हणजे पेट्रोल आहे, तरी गाडी हिसके देऊन बंद पडते. कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, रिझर्व्हला फिरवला की चालते. काहींचं उलटं असतं: गाडी रिझर्व्हला लागतच नाही, इशारा न देता थेट कोरडी पडते आणि मग सोलापूरच्या आसरा चौकापासून घरापर्यंत ढकलगाडी. तिसरा प्रकार म्हणजे मेनवर (कॉक 'ऑन'ला असताना) छान चालणारी गाडी रिझर्व्हवर टाकली की खोकायला लागते.

हे सगळं कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा तो साधा भाग असलेल्या, दुचाकींबद्दल आहे. सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर, आरएक्स १००, येझदी, जुनी बुलेट. सोलापुरात या गाड्या कोणी शोभेला ठेवलेल्या नाहीत. दुधाचे कॅन बांधून पहाटे शहरात येतात, एमआयडीसीत पाळीच्या वेळी रांगेनं उभ्या असतात. त्यामुळे बंद पडली की दिवसाचा रोजगार अडतो आणि माणूस पहिल्या दिसेल त्या गॅरेजात कॉक बदलून मोकळा होतो. बरेचदा कॉकचा दोष नसतोच.

मुळात रिझर्व्ह म्हणजे टाकीतला वेगळा कप्पा, असा समज पक्का बसलेला आहे. कप्पा वगैरे काही नसतो. टाकी एकच. कॉकच्या वरच्या टोकाला एक बारीक नळी टाकीत उभी असते. 'ऑन'ला पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं, 'रिझर्व्ह'ला नळीच्या बुडाशी असलेल्या भोकातून. पेट्रोलची पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की मेन बंद, गाडी रिझर्व्हला लागली. म्हणजे तुमची रिझर्व्ह ही फक्त त्या नळीची उंची आहे. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचे निम्मे घोळ आपोआप उलगडतात.

आधी खात्री करा की दोष पेट्रोलचाच आहे

करंट गेला तर गाडी बटण बंद केल्यासारखी एका झटक्यात मरते. पेट्रोल कमी पडलं तर ती हळूहळू मरते: आधी पिकअप जातो, मग हिसके, मग फुसफुस. अशा वेळी चालत्या गाडीत चोक थोडा ओढून बघा. क्षणभर जीव आला, तर कार्बोरेटरला पेट्रोल कमी मिळतंय हे नक्की.

दुसरी खूण म्हणजे थांबून पाच मिनिटांनी गाडी सुरू होते, किलोमीटरभर जाते आणि परत बंद. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडंसं पेट्रोल साठतं, त्यावर तेवढंच अंतर निघतं. वाटी भरायला वेळ लागतोय, म्हणजे वरून येणारी धार बारीक झाली आहे. ताशी ६० च्या वेगाने लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी तासाला एक लिटर पिते, म्हणजे मिनिटाला जेमतेम १७ मिली. चहाचे साडेतीन चमचे! एवढंही खाली पोचत नसेल तर वाटेत काहीतरी चांगलंच अडलं आहे. शहरात चाळीसच्या आत चालवताना त्रास नाही आणि हायवेला लागलं की बंद, असं होतं त्याचंही कारण हेच.

झाकण

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोषी निघणारी आणि सगळ्यात कमी वेळा तपासली जाणारी वस्तू म्हणजे टाकीचं झाकण. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक बारीक भोक किंवा वळणावळणाची वाट असते. ती बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि धार अडते. काचेच्या सलाईनच्या बाटलीला हवेची वेगळी सुई टोचल्याशिवाय थेंब पडत नाहीत, तसंच हे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला. दर पौर्णिमेला तुळजापूरला जातात, जुनी सीडी १०० घेऊन. टाकी फुल करून निघायचे आणि तामलवाडीच्या आसपास गाडी बंद. कॉक रिझर्व्हला फिरवायचा, टपरीवर एक चहा घ्यायचा, गाडी चालू. एका मेस्त्रीनं कॉक बदलला, दुसऱ्यानं कार्बोरेटर धुतला. फरक शून्य.

"काका, बंद पडल्यावर कॉकला हात लावू नका. नुसतं झाकण उघडून बघा," मी म्हटलं.

"टाकी फुल आहे की. झाकण उघडून काय बघू?"

"बघायचं नाही, ऐकायचं."

पुढच्या खेपेला त्यांनी वाटेतूनच फोन केला. झाकण सैल करताच सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी मेनवरच चालू झाली. घरी झाकण खोललं. आतल्या रबराखालून सुताचे तंतू, धूळ आणि पेट्रोलचा चिकटा मिळून झालेला राखाडी लगदा निघाला, दाताच्या काडीवर धरता येईल एवढा. मागाच्या शेडबाहेर वर्षानुवर्षं उभी राहणारी गाडी, दुसरं काय होणार! बारीक तारेनं भोक मोकळं केलं, रॉकेलनं धुतलं, तोंडानं फुंकून हवा दोन्हीकडून जातेय का ते बघितलं. काम संपलं.

यात मेख अशी, की रिझर्व्हला फिरवल्यानं गाडी कधीच चालू झाली नव्हती. चहा पिईपर्यंत जी हवा हळूहळू आत झिरपायची, तिनं चालू व्हायची. श्रेय मात्र कॉकला जायचं. टाकी फुल असताना त्रास जास्त आणि अर्ध्यावर कमी, ही झाकणाची ठळक खूण समजा. फुल टाकीत पेट्रोलच्या वर हवेची जागा थोडीच असते, तिथं निर्वात लवकर चढतो. पातळी कमी झाल्यामुळे गाडी रिझर्व्हला लागत असती तर प्रकार नेमका उलटा दिसला असता.

झाकण बुजण्याची आणखी कारणं: टाकी रंगवून आणली आणि लॅकर भोकात बसलं, किल्ली हरवली म्हणून डुप्लिकेट झाकण बसवलं आणि त्याला हवेची वाटच नाही, रेक्झिनचं टाकी कव्हर घातलं आणि त्याचा पट्टा झाकणावर घट्ट बसला. रेक्झिन कव्हरशी माझं वैयक्तिक वैर आहे. रंग वाचवायला म्हणून ते घालतात, पण त्याखाली वॉशिंगचं पाणी साचून राहतं आणि दोन पावसाळ्यांत टाकीच्या कडा बाहेरून गंजतात.

एक खबरदारी सांगतो. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीचं झाकण उघडलं तरी सुस्स होतं, पण तेव्हा हवा बाहेर सुटते. टाकी तापली, आत वाफ झाली, एवढाच त्याचा अर्थ. तुम्हाला शोधायचा आहे तो आत ओढला जाणारा आवाज, तोही गाडी बंद पडल्याक्षणी. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरू नका. पारा ४३-४४ वर जातो तिथं पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं दहा लिटर पेट्रोल उन्हात तापून दीडशे-दोनशे मिलीनं फुगतं. ते जाणार कुठं? झाकणातून ओघळून टाकीच्या रंगावर.

धार तपासणे

झाकण निर्दोष असेल तर पुढे. इंजिन थंड, जागा उघडी, आसपास विडी-सिगारेट नाही. कॉक बंद करून कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढा आणि तिचं तोंड स्वच्छ पारदर्शक बाटलीत धरा. आधी ऑन, मग रिझर्व्ह. दोन्हीकडे सलग धार हवी, थेंब थेंब नको. एखादा मिनिट वाहू द्या, कारण पहिल्या काही सेकंदांत सगळंच बरं दिसतं.

ऑनला धार चांगली आणि रिझर्व्हला बारीक, तर बुडाच्या जाळीत कचरा आहे. याचं कारणही गमतीचं आहे: जे लोक टाकी कधी रिकामी होऊ देत नाहीत, त्यांचीच रिझर्व्ह बुजते. गंज, पाणी, पंपावरचा बारीक गाळ, सगळं बुडाशी बसतं आणि रिझर्व्हचं भोकही नेमकं तिथंच असतं. त्यामुळे महिन्यातून एकदा, टाकीत पुरेसं पेट्रोल असताना, चार-पाच किलोमीटर गाडी मुद्दाम रिझर्व्हवर चालवावी. घराजवळच. मंगळवेढ्याच्या वाटेवर पहिल्यांदा रिझर्व्ह लावून बघण्यात काही मजा नाही.

दोन्हीकडे धार सारखीच बारीक असेल तर नळी दुमडली आहे का बघा, आणि कोणी मध्ये फिल्टर बसवलाय का तेही. पंपानं दाबून पेट्रोल पाठवणाऱ्या गाड्यांचे दाट कागदी फिल्टर या गाड्यांना चालत नाहीत. इथं पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं. जाळीचा साधा छोटा फिल्टर लावा आणि नळी कुठंही वर चढून खाली येणार नाही अशी ठेवा. चढ राहिला की त्यात हवा धरते, मग मेस्त्री म्हणतो "एअर लॉक झालंय" आणि नळी झटकतो, चार दिवसांनी परत तेच.

रिझर्व्ह लागतच नाही, गाडी थेट कोरडी

सगळ्यात साधी शक्यता आधी तपासा: कॉक आधीपासूनच रिझर्व्हवर आहे. पेट्रोल भरल्यावर परत ऑनला फिरवायचा राहून जातो, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी फिरवलेला असतो. जुन्या कॉकवरची अक्षरं पुसली गेलेली असतात. बहुतेक गाड्यांत खटका खाली म्हणजे ऑन, वर म्हणजे रिझर्व्ह आणि आडवा म्हणजे बंद. पण सगळ्यांत नाही. शंका असेल तर बाटलीची परीक्षा तीनही जागांवर करून टाकीवर रंगानं खूण करा.

कॉक जागेवर असूनही असं होत असेल तर दोन कारणं. एक, आतली उभी नळी बुडाशी तडकली आहे किंवा सैल होऊन पडली आहे. मग ऑनलाही पेट्रोल तळातूनच येतं. दोन, कॉकच्या आतलं भोकांचं रबर झिजलं किंवा फुगलं आहे आणि दोन्ही वाटा आत एकमेकींत मिसळल्या आहेत. टाकी रिकामी करून कॉक काढला (कुठं दोन स्क्रू, कुठं एक मोठा नट) की पहिलं डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्यासाठी नळीचं वरचं तोंड तेवढं पेट्रोलच्या वर ठेवून कॉक ऑनला ठेवा. खालून पेट्रोल आलंच तर रबर गेलं. काही कॉकचं रबर सुटं मिळतं, काहींचा चेहरा रिव्हेटनं बंद असतो, तो अख्खाच बदलावा लागतो.

नवा कॉक घेताना जुना सोबत न्या आणि दोघांच्या नळ्या शेजारी धरून मापा. "बसतोय की साहेब" एवढ्यावर घेऊ नका. आटे जुळले तरी दुसऱ्या मॉडेलच्या कॉकची नळी लांब असू शकते; मग टाकीत तीन लिटर असतानाच गाडी रिझर्व्हला लागते. आखूड असेल तर रिझर्व्ह नावालाच उरते.

रिझर्व्हवर टाकली की खोकते

हे पाणी. पेट्रोलपेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं आणि रिझर्व्हला फिरवताच आधी तेच कार्बोरेटरमध्ये उतरतं. वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले की निदान झालं.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं अवघड आहे, पण जुन्या टाकीपुरतं खरं ते सांगायला हवं. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढतं. थोडं पाणी ते स्वतःत मुरवून घेतं, तोवर काही बिघडत नाही. हद्द ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी जाऊन बसतात. शिवाय टाकीच्या आत चिकटलेला जुना मळ आणि गंज ते सोडवून आणतं, आणि त्या काळातली रबरं त्यासाठी बनवलेलीच नव्हती. म्हणून वर्षानुवर्षं विनातक्रार चाललेल्या गाडीचा कॉक अलीकडे एकदम चोंदायला लागला असेल तर नवल नाही. गाडी रोज चालत असेल तर चिंता नको, पेट्रोल टिकतच नाही. गावी जाताना महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून, टाकीत थोडं इंजिन ऑइल फिरवून ठेवा.

गंज आतून सुटत असेल तर कॉक कितीदाही धुतलात तरी उपयोग नाही. टाकी उतरवून, कॉक काढून, मूठभर नटबोल्ट आणि व्हिनेगर किंवा फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक घालून खळखळवा, पाण्यानं धुवा आणि लगेच कडकडीत वाळवा. वाळवण्यात आळस केला तर संध्याकाळपर्यंत नवा तांबूस गंज चढतो. भोक पडलं असेल तर डाग द्यायला ओळखीच्या, धुऊन घेऊन मगच आग लावणाऱ्या माणसाकडेच न्या. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची.

उरलेलं पेट्रोल उजवीकडे असतं

टाकी चेसिसच्या मधल्या पाइपवर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसते. खालून बघितलं तर मधोमध उंचवटा आणि दोन्ही बाजूंना दोन पोटं. कॉक बहुतेक गाड्यांत डाव्या पोटाला. पातळी उंचवट्याखाली गेली की उजव्या पोटातलं पेट्रोल तिथंच अडकतं. म्हणून रिझर्व्हही संपल्यावर गाडी डावीकडे, हँडल जमिनीच्या जवळ जाईल इतकी आडवी करून परत सरळ करतात. ही काही जादू नाही, उजवीकडचं पेट्रोल उंचवटा ओलांडून डावीकडे येतं. नुसतं साइड स्टँडवर लावून तेवढं झुकत नाही. दोन्ही पोटं जोडणारी नळी असलेल्या टाक्यांत हा प्रकार नसतो.

उताराचंही असंच. कॉक टाकीच्या मागच्या टोकाला असेल तर तुळजापूरचा घाट सोलापूरकडे उतरताना पेट्रोल पुढं धावतं आणि पातळी बेताची असली तर मेन मध्येच सुटते. घाट संपल्यावर सपाटीला ऑनवर परत चालू लागते. यात बिघाड काही नाही. पंप जवळ करा एवढाच निरोप.

तुमच्या गाडीची खरी रिझर्व्ह किती, हे कोणाच्या सांगण्यावर सोडू नका. रिझर्व्हला लागली की घरी आणून, नळी काढून, रिझर्व्हवर ठेवून मापाच्या बाटलीत सगळं उतरवून घ्या. दीड लिटर निघालं आणि गाडी पन्नास देत असेल तर पंचाहत्तर किलोमीटर: तुळजापूर निवांत, पंढरपूर म्हणजे दैवावर हवाला.

रात्री कॉक बंद करायची सवय मात्र लावून घ्या. कार्बोरेटरची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) झिजली असेल तर रात्रभर पेट्रोल ओघळतं. बाहेर सांडलं तर निदान वास तरी येतो, पण कधी ते इंजिनात उतरतं. चार स्ट्रोकच्या गाडीत डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर किक मारू नका, आधी ऑइल बदला, मग सुई.

काही गाड्यांच्या कॉकला 'बंद' ही खूणच नसते, त्याऐवजी 'प्राइम' असतं. ते इंजिनच्या ओढीवर उघडणारे कॉक. त्यांत बारीक नळी इंजिनकडे जाते, ती तडकली तरी गाडी पेट्रोलविना मरते. प्राइमवर टाकून चालली तर दोष त्या नळीत किंवा आतल्या पडद्यात. प्राइमवर ठेवून मात्र गाडी उभी करू नका.

आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या घेऊन कोणी विचारायला आलं, तर त्यांना यातलं जवळपास काहीच लागू नाही. त्यांतल्या बहुतेक कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवर चालतात, पेट्रोलचा पंप सहसा टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. तिथं काटा लाल झाल्यावर ताणत बसलात तर ढकलण्यासोबत पंपाचाही खर्च येतो.